मागच्या सीटवरचा आवाज: स्वतः बांधलेल्या चार आसनी विमानात हेडसेट बसवतानाच्या नोंदी

१० जानेवारी

विमानाचा सांगाडा उभा आहे, पॅनल उघडं आहे, आतलं अस्तर अजून लागलेलं नाही. ऑडिओचं वायरिंग करायचं तर हीच वेळ. एकदा बाजूचे पॅनल आणि गालिचे बसले की मागच्या सीटपर्यंत नवी वायर नेणं म्हणजे अर्धी केबिन पुन्हा उसकटणं.

बहुतेक जण पुढच्या दोन सीटचं काम मन लावून करतात आणि मागच्या दोन सीटना उरलेल्या वायरी मिळतात. मला ते पटत नाही. मागे बसलेल्या माणसाला वैमानिकाचं पाठमोरं डोकं दिसतं, बाकी काही नाही. त्याला मळमळलं, पट्टा सुटला, बाजूने दुसरं विमान येताना दिसलं, तर सांगायला त्याच्याकडे फक्त तो माइक असतो. म्हणून चारही सीटना एकाच प्रतीची वायर, सारखेच जॅक आणि सारखीच तपासणी.

आज फक्त गरजा लिहिल्या. प्रत्येक माइकला स्वतंत्र स्क्वेल्च हवा, म्हणजे कुणी बोलत नसेल तेव्हा माइक बंद ठेवणारी सोय. पूर्ण केबिनला मिळून एकच असेल, तर एकाने तोंड उघडलं की चौघांच्या माइकमधला इंजिनाचा घरघराट सगळ्यांच्या कानात. इंटरकॉम, म्हणजे सगळे हेडसेट एकमेकांना आणि रेडिओला जोडणारं यंत्र, बंद पडला तरी वैमानिकाचा हेडसेट थेट रेडिओला जोडला जायला हवा. संगीताची इनपुट हवी, पण रेडिओवर कुणी बोललं की संगीत आपोआप दबलं पाहिजे. आणि मागच्या सीटना प्रक्षेपणाचं, म्हणजे रेडिओवर बोलताना दाबायचं, बटण नको. माइकच्या जॅकमधली त्या बटणासाठीची टोकाची पट्टी मागे मोकळीच ठेवणार. मागचं बटण सीटच्या फटीत दाबलेलं राहिलं, तर आपलं प्रक्षेपण चालू राहतं, त्या फ्रिक्वेन्सीवर बाकी कुणाला बोलता येत नाही आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

१७ जानेवारी

जॅक कुठले घ्यायचे यावर आठवडाभर चर्चा झाली. छोट्या विमानांत दोन प्लगची पद्धत सर्वत्र चालते: कानासाठी ६.३५ मिलिमीटरचा, माइकसाठी ५.२३ मिलिमीटरचा. व्यास मुद्दाम वेगळे आहेत. कानाचा प्लग माइकच्या जॅकमध्ये जातच नाही. उलटं मात्र होऊ शकतं. बारीक प्लग मोठ्या भोकात शिरतो, सैल बसतो आणि प्रवासी समजतो की खोचलं. म्हणून जॅकजवळ नुसतं चित्र पुरत नाही, दोन वेगळे रंग लागतात.

दुसरा पर्याय सहा पिनांच्या लेमो कनेक्टरचा. एकाच प्लगमध्ये कान, माइक आणि नॉइज कॅन्सलिंगसाठी विमानाच्या बॅटरीतून वीज. सरळ दाबला की खटकन लागतो, हेडसेटच्या बॅटरीच्या डबीची कटकट राहत नाही. पुढे लेमो आणि दोन प्लग दोन्ही देतोय. मागे फक्त दोन प्लग, कारण पाहुणे आणतील ते हेडसेट बहुधा दोन प्लगचेच असणार. हेलिकॉप्टर उडवणाऱ्या एका मित्राच्या हेडसेटला मात्र एकच जाड प्लग आहे, यू-१७४ म्हणतात तो. त्याच्यासाठी अॅडॅप्टर विमानातच ठेवणार.

२४ जानेवारी

जॅकची जागा. हे काम कागदावर होत नाही, माणूस बसवूनच करावं लागतं. पुठ्ठ्याचे तुकडे चिकटपट्टीने लावले आणि मुलीला पट्टे आवळून मागे बसवलं.

दोन पुढच्या सीटच्या मधल्या कन्सोलची मागची बाजू पहिल्यांदा सोयीची वाटली, कारण वायर सगळ्यात कमी लागते. पण चढताना प्रत्येकाचा बूट नेमका तिथेच आपटतो. छतावर जॅक दिले तर वायर चेहऱ्यासमोर लोंबते आणि दाराच्या वाटेत येते. कमरेजवळ बाजूच्या भिंतीत आडवे दिले, तर प्लगची शेपटी मांडीला टोचते.

शेवटी खिडकीच्या खाली, खांद्याच्या किंचित मागे, जॅकचं तोंड पुढे म्हणजे दाराच्या दिशेला करून जागा ठरली. तोंड पुढे का, तर घाईत हेडसेट न काढता कुणी बाहेर झेपावलं तर वायर सरळ रेषेत ओढली जाते आणि प्लग अलगद निसटतो. तोंड आडवं असेल तर तोच प्लग वाकून अडकतो आणि माणूस मानेला धरल्यासारखा मागे खेचला जातो. मुलीला दहा वेळा उतरवून बघितलं. डाव्या बाजूला पट्ट्याचा बकल वायरीवरून जात होता, म्हणून ती जोडी दोन बोटं वर सरकवली.

३१ जानेवारी

वायरी ओढल्या. माइकला आणि कानाला दोन्हीकडे तीन तारांची जाळीदार, म्हणजे शिल्डेड वायर, २२ गेज, टेफझेल आवरणाची. मागच्या माइकला बटणाची तार लागणार नसली तरी तीच वायर वापरली. एकच रीळ, एकच रंगसंगती, पुढे शोधायला सोपं.

जाळी फक्त इंटरकॉमच्या टोकाला जोडायची. जॅकच्या टोकाला ती कापून, हीट श्रिंकखाली, म्हणजे तापवल्यावर आवळणाऱ्या नळीखाली, बंद करून टाकायची. परतीचा प्रवाह जाळीतून न्यायचा नाही, त्याला वेगळी तार. जाळी दोन्ही टोकांना जोडली की ती स्वतःच परतीची वाट बनते आणि विमानातल्या बाकी उपकरणांचा कचरा त्या वाटेने आवाजात शिरतो.

सांगाड्याच्या रिबांमधून जाताना प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट, म्हणजे वायर कडेवर घासू नये म्हणून रिंग. स्ट्रोब दिव्याची वायर आणि इंजिनाला ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोची पी-लीड (ती ठिणगी बंद करणारी तार) यांच्यापासून जमेल तेवढं लांब. जिथे ओलांडणं भागच आहे तिथे काटकोनात ओलांडायचं, शेजारून समांतर न्यायचं नाही. प्रत्येक टोकाला वीतभर जादा वायर ठेवली. पुढे ती कामी येणार हे नक्की.

८ फेब्रुवारी

आजचा दिवस एका वॉशरने खाल्ला, आणि तो सविस्तर लिहिण्यासारखा आहे.

जॅकचं धातूचं अंग विमानाच्या पत्र्याला लागता कामा नये. त्यासाठी खांदेदार इन्सुलेटिंग वॉशर येतात: एक सपाट, एक बारीक गळ्याचा. गळा भोकात बसतो आणि जॅकच्या आट्यांना पत्र्यापासून वेगळं ठेवतो. चारही सीटचे आठ जॅक बसवले, नट आवळले, मल्टिमीटरची एक सुई जॅकच्या अंगाला आणि दुसरी सांगाड्याला लावली; तो वाजला म्हणजे दोघांची जोडणी आहे. सहा गप्प. मागच्या उजव्या बाजूचे दोन्ही वाजले.

नट ढिला केला की आवाज बंद, आवळला की पुन्हा चालू. म्हणजे वॉशर फुटलेला नव्हता. जॅक काढून भोकाकडे टॉर्चने पाहिलं तेव्हा उलगडा झाला. त्या जागी पत्र्यामागे मजबुतीसाठी दुसरा पत्रा रिव्हेट केलेला आहे. दोन पत्र्यांची जाडी वॉशरच्या गळ्यापेक्षा जास्त, त्यामुळे भोकाच्या आतल्या कडेला गळा पोहोचतच नव्हता. नट आवळताना जॅक किंचित तिरका होऊन आट्या त्या कडेवर टेकत होत्या. आट्यांच्या टोकावर चकाकणारा बारीक ओरखडाही दिसला.

भोक मोठं करून मोठा वॉशर लावता आला असता, पण त्या मजबुतीच्या पत्र्यात आणखी धातू काढायची इच्छा झाली नाही. त्याऐवजी चारही जागी अस्तराच्या पॅनलमध्येच जाड प्लास्टिकची पट्टी बसवायची आणि जॅक तिच्यावर लावायचे असं ठरवलं. धातूशी संबंधच नको. पत्र्यातली आधीची भोकं वायर जाण्यासाठी ग्रोमेट लावून वापरली. काम पुन्हा करावं लागलं खरं, पण आता कुठलाही वॉशर सैल झाला म्हणून आवाजात गुणगुण येणार नाही.

१५ फेब्रुवारी

इंटरकॉमचा २५ पिनांचा डी-सब कनेक्टर. पिना सोल्डरच्या नव्हे, क्रिम्पच्या, म्हणजे वायरीवर दाबून बसवायच्या. क्रिम्पचा चांगला पाना महाग असतो. एका ओळखीच्या विमान मेकॅनिककडून आणला. साध्या पकडीने दाबलेली पिन दिसायला ठीक दिसते आणि थरथरीत सुटते. प्रत्येक पिन दाबल्यावर वायर ओढून पाहायची, कनेक्टरमध्ये घातल्यावर पुन्हा ओढून पाहायची. एक पिन 'खट्ट' न करता आत गेली होती, ती हातात आली. ओढून पाहिलं नसतं तर ती कधीतरी हवेत निघाली असती.

इंटरकॉम न लावता सगळं कंटिन्युइटीने, म्हणजे तार या टोकापासून त्या टोकापर्यंत जोडलेली आहे का हे मोजून, तपासलं. यात एक गोष्ट शिकण्यासारखी मिळाली. माइकच्या जॅकमध्ये टोक म्हणजे प्रक्षेपणाचं बटण, मधली कडी म्हणजे माइकचा आवाज, मागचं अंग म्हणजे ग्राउंड. पण जॅकच्या पाठीमागच्या पट्ट्यांचा क्रम सगळ्या बनावटींत सारखा नसतो. आमच्या जॅकमध्ये दोन वेगळ्या बनावटी आल्या होत्या. पट्टी बघून जोडलेल्या डाव्या मागच्या माइकमध्ये टोक आणि कडी यांची अदलाबदल झालेली निघाली. मागे त्याने फक्त माइक मुका राहिला असता. पुढच्या सीटला हेच झालं असतं, तर हेडसेट खोचताच रेडिओ प्रक्षेपण सुरू करू शकला असता. तेव्हा पट्टी बघून जोडू नका. एक सुटा प्लग जॅकमध्ये घाला आणि प्लगच्या टोकापासून कनेक्टरच्या पिनपर्यंत मोजा.

२२ फेब्रुवारी

पहिल्यांदा वीज दिली. हेडसेट न लावता माइकच्या कडीवर आणि अंगावर डीसी व्होल्ट मोजले. विमानाचे माइक जुन्या कार्बन माइकच्या पद्धतीने चालतात, त्यांना त्याच तारेवरून ८ ते १६ व्होल्टच्या आसपास वीज द्यावी लागते. चारही जॅकवर ती मिळाली. मोबाइलचा किंवा संगणकाचा माइक इथे का चालत नाही, त्याचं एक कारण हेच.

आवाज छान आला. मग एका मित्राचा जुना हेडसेट मागे उजवीकडे लावला आणि तिघांच्याही उजव्या कानातला आवाज गेला. वायरिंग उसकटायच्या आधी हेडसेट बदलून बघितला, आवाज परत आला. जुना हेडसेट मोनो होता. मोनो प्लगला मधली कडी नसते, तिथे नुसतं अंग असतं, त्यामुळे स्टिरिओ जॅकमधली उजव्या कानाची तार सरळ ग्राउंडला लागते. सगळ्यांचा उजवा कान एकाच अॅम्प्लिफायरवर असेल तर सगळेच बहिरे. उलट, स्टिरिओ हेडसेट मोनो जॅकमध्ये लावला की एकाच कानात ऐकू येतं, पण त्रास फक्त त्या माणसाला होतो.

उपाय म्हणून मागच्या दोन्ही जॅकच्या डाव्या आणि उजव्या तारेत इंटरकॉमच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या किमतीचे रेझिस्टर घातले. आवाज थोडा उतरला, तो प्रत्येक सीटच्या व्हॉल्यूमने भरून निघतो. एका पाहुण्याच्या हेडसेटने वैमानिकाचा कान बंद होणं मला चालणार नव्हतं. बऱ्याच हेडसेटवर मोनो-स्टिरिओची बारीक कळ असते, ती उड्डाणाआधीच्या यादीत टाकली आहे.

१ मार्च

इंजिन चालू करून पहिली चाचणी, आणि कानात शिट्टी. आरपीएम वाढवला की शिट्टीचा सूर चढतो, कमी केला की उतरतो. ही अल्टरनेटरची खूण. अल्टरनेटरचा फील्ड स्विच बंद केला, शिट्टी गेली. पण उगम कळला म्हणून वाट कळत नाही. अल्टरनेटर थोडीफार कुरकुर करणारच, ती ऑडिओत कुठून शिरते हे शोधायचं असतं.

क्रम असा ठेवला: आधी मागचे हेडसेट काढले, मग सहवैमानिकाचा, मग रेडिओ बंद केला, आणि शेवटी संगीताच्या इनपुटमधली मोबाइलची वायर काढली. तिथे शिट्टी जवळजवळ नाहीशी झाली. मोबाइल पॅनलमधल्या यूएसबी चार्जरला लावलेला होता. मोबाइलचं ग्राउंड एकदा चार्जरमधून सांगाड्याला आणि दुसऱ्यांदा ऑडिओ वायरीतून इंटरकॉमला जोडलं गेलं होतं. चार्जिंगची वायर काढून मोबाइल स्वतःच्या बॅटरीवर चालवला की शांतता. संगीताच्या तारेत छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घातला, तो आवाज पुढे जाऊ देतो पण दोन ग्राउंड जोडू देत नाही. आता चार्जिंग चालू असतानाही शिट्टी नाही.

'जवळजवळ' मुद्दाम लिहिलं. खोलवर एक बारीक किणकिण उरलीच होती. फिल्टर लावून टाका असं दोघांनी सुचवलं. फिल्टर लावायच्या आधी मी इंटरकॉमच्या ग्राउंडची तार शोधली. ती पॅनलमागच्या ज्या बोल्टवर होती, त्याच बोल्टवर लँडिंग लाइट आणि पिटो हीटर (वेग मोजणाऱ्या नळीवर बर्फ जमू न देणारा) यांच्या परतीच्या तारा होत्या. इतका मोठा प्रवाह त्या बोल्टमधून जाताना तिथलं 'शून्य' शून्य राहत नाही, आणि तेवढाच हेलकावा आवाजात येतो. तार रेडिओच्या ग्राउंडजवळ हलवली, ३१ जानेवारीला ठेवलेली जादा वीतभर वायर इथे पुरली. किणकिण गेली. फिल्टर लागला नाही.

याच दिवशी दुसरा एक चार्जर लावून पाहिला, तेव्हा व्हीएचएफ रेडिओचा स्क्वेल्च काही फ्रिक्वेन्सींवर आपोआप उघडू लागला. स्वस्तातल्या चार्जरमधला स्विचिंगचा गोंगाट ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो. त्याला उपाय एकच, तो चार्जर विमानात ठेवायचा नाही.

८ मार्च

आता माणसांची जुळवणी. मुलीचं म्हणणं, "बाबा, मी बोलते ते पहिलं अक्षर कुणाला ऐकूच जात नाही." स्क्वेल्च फार घट्ट आवळला होता. ढिला केला तर इंजिनाच्या आवाजाने तो सतत उघडा. खरं कारण माइकची जागा होती. माइक हनुवटीसमोर होता. हे माइक गोंगाट वजा करणारे असतात, दोन्ही बाजूंनी आवाज घेतात आणि लांबून सारखा येणारा आवाज कापतात. जवळचा आवाज टिकायचा तर माइक ओठांपासून जेमतेम ६ मिलिमीटरवर हवा, तोंडाच्या कोपऱ्याशी, आणि खुणेची बाजू ओठांकडे. तो उलटा फिरलेला असला की माणूस दूरच्या खोलीतून बोलतोय असं वाटतं. माइक ओठांना जवळजवळ टेकवला, स्क्वेल्च पुन्हा आवळला, पहिलं अक्षर आलं.

कानाचं. कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही मर्यादा धरतात. एका इंजिनाच्या विमानाची केबिन ती सहज ओलांडते. दोन पात्यांचा पंखा २४०० आरपीएमला सेकंदाला ८० थपडा मारतो, म्हणजे ८० हर्ट्झची जड घरघर. अशा खालच्या सुरांना नुसती उशी फारशी अडवत नाही, तिथेच नॉइज कॅन्सलिंगचा खरा उपयोग. वरचे सूर उशी अडवते, पण ती सगळीकडून टेकली तर. जाड काड्यांचा चष्मा घातला की उशीखाली फट राहते आणि दोन्ही फायदे कमी होतात. बारीक काड्यांचा एक गॉगल आता विमानातच ठेवतो. लहान मुलांसाठी मोठ्यांचा हेडसेट आवळून चालवू नये, उशी कानाच्या खाली सरकते. त्यांच्यासाठी छोटा वेगळाच घ्यावा.

२२ मार्च

इंटरकॉमचा ब्रेकर ओढून पाहिला. वैमानिकाचा हेडसेट लगेच रेडिओला जोडला गेला, ऐकणं आणि बोलणं दोन्ही चाललं. प्रवासी मात्र पूर्ण तुटले. हे ठाऊक होतं, पण प्रत्यक्ष पाहिल्यावर हातांच्या खुणा ठरवल्या: खांद्यावर दोन थापा म्हणजे 'मागे बघा'.

कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मची पिपाणी हेडसेट घातल्यावर कुणालाच ऐकू जात नाही. तिचा आवाज इंटरकॉमच्या अशा इनपुटला जोडला, जी कुठल्याही कळीने बंद होत नाही. इंजिन मॉनिटरचे इशारेही तिथेच.

१९ एप्रिल

चाचणी उड्डाणं पूर्ण झाली, आज पहिल्यांदा मागे माणसं. चढताना डाव्या सीटवरचा आवाज फडफडू लागला. ताज्या हवेची झडप थेट माइकवर फुंकत होती. तिचं तोंड वळवलं आणि चारही माइकना फोमच्या टोप्या चढवल्या.

एक बदल हवेतच ठरला. इंटरकॉमवर 'आयसोलेट' अशी कळ आहे. ती दाबली की वैमानिक फक्त रेडिओ ऐकतो आणि प्रवासी आपापसांत बोलतात. उतरताना ती वापरायची असं आधी ठरवलं होतं. पण बेस लेगवर, म्हणजे फायनलला (धावपट्टीच्या सरळ रेषेतल्या शेवटच्या टप्प्याला) वळण्याआधीच्या टप्प्यात, मागून मित्राचा आवाज आला, "उजवीकडे बघ, आपल्यापेक्षा थोडं खाली, एक विमान फायनलला आहे." आयसोलेट दाबलेलं असतं तर हे माझ्यापर्यंत पोहोचलं नसतं. मी वळण लांबवलं, त्याला आधी उतरू दिलं.

तेव्हा आता आयसोलेट फक्त रेडिओवर लांबलचक क्लिअरन्स, म्हणजे कंट्रोलरची परवानगी, लिहून घेताना. सर्किटमध्ये, म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या फेरीत, शिरल्यावर सगळ्यांना सांगायचं: गप्पा बंद, पण काही दिसलं तर लगेच बोला. हेच वाक्य मागच्या जॅकच्या पट्टीवर छापून लावायचं आहे. हेडसेट अडकवायला दोन आकडेही राहिलेत, छताच्या दुसऱ्या फ्रेमवर. सध्या ते सीटवर पडतात आणि पट्ट्यांत गुंततात.